ट्रीटेड लाकूड लोखंडाला टेकतं, तिथेच दरवर्षी गंज का चढतो?

दसरा झाला की ठरलेले फोन येऊ लागतात. "मागच्या वर्षीच रेड ऑक्साइड मारलं होतं, परत पापुद्रे सुटलेत." "बोल्टाखालनं तांबडं पाणी ओघळतंय, खालची भिंत डागाळली." "लाकूड तर ट्रीट केलेलं आहे, नवं आहे, मग गंज कुठनं येतोय?" दुखणं सगळ्यांचं एकाच जागी असतं. ट्रीटेड लाकूड, म्हणजे वाळवी-बुरशी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड, जिथे गर्डरवर, चॅनेलवर किंवा लोखंडी प्लेटवर बसतं, ती चार बोटांची जागा. तिथून हातभर लांब बघितलं तर गर्डरचा रंग शाबूत असतो. लाकूडही ठणठणीत असतं. मधला सांधा तेवढा खाल्लेला.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत हे आता बरंच बघायला मिळतं. वाड्याचा कडीपाट उतरवला की तुळईच्या जागी आयएसएमबी, म्हणजे आय आकाराचा लोखंडी गर्डर येतो, पण वर दिसायला लाकूडच हवं असतं. सागवान परवडत नाही, म्हणून वखारीतून हिरवट झाक असलेलं ट्रीटेड पाइन येतं. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला फार्महाऊसचे डेक बांधतानाही हीच जोडी: खाली फॅब्रिकेटरचा सांगाडा, वर ट्रीटेड फळ्या. जोडी चांगली आहे, मी स्वतः ती वापरतो. पण दोघांना अंगाला अंग लावून बसवलं आणि मधे पाणी राहू दिलं, तर रंगाचे कितीही हात मारा, उपयोग होत नाही. हे मी एका घरात चुकून शिकलो, ते आधी सांगतो.

शुक्रवार पेठेतला सज्जा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढे गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून अंदाज यावा. या घराचा तळमजला पाण्यात होता. पुरानंतर मालकांनी कुजका सज्जा उतरवला आणि पुढच्या वर्षी नवा बांधून घेतला: भिंतीतून बाहेर काढलेले लोखंडी चॅनेल, त्यावर ट्रीटेड पाइनच्या तीन बाय पाचच्या कड्या, वर फळ्या. बोल्ट १२ मिमीचे, पिवळसर चकाकीचे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसे.

दोन वर्षांनी चॅनेलच्या कडेला तांबडे ओघळ दिसायला लागले. मला बोलावलं. मी तारेचा ब्रश मारून घेतला, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइल पेंट, आणि बाहेरून जिथे फट दिसली तिथे सिलिकॉन भरून दिलं. काम नीटनेटकं दिसत होतं. पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटले. परत तेच केलं. तिसऱ्या खेपेला, २०२४ च्या ऑक्टोबरात, त्या घरच्या काकू मला म्हणाल्या, "दरसाली रंगच लावताय, आत काय झालंय ते एकदा उघडून तरी बघा." त्यांचं बरोबर होतं, आणि ते मी पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

खालून टेकू लावले आणि कोपऱ्यातला एक बोल्ट सोडला. डोक्यावरची पिवळी चकाकी अजून थोडी शिल्लक होती. दांडा ठोकून बाहेर काढला. डोक्याखाली कॅलिपरनं १२ भरला. लाकूड आणि चॅनेल यांच्या मधली रेघ जिथे येते, त्या जागी ११ च्याही खाली. तिथे गंज कांद्याच्या पातीसारखा थरावर थर सुटत होता आणि बोट लावलं तर ओला लागत होता. पाऊस थांबून दोन आठवडे झाले होते, तरी ओला. फळ्यांचे स्क्रू त्याहून वाईट. स्क्रू ड्रायव्हर फिरवला की डोकं हातात यायचं, दांडा लाकडातच राहायचा. आणि मी भरलेलं सिलिकॉन? त्यानं पाणी आत जायचं थांबवलं नव्हतं, बाहेर यायचं थांबवलं होतं.

असं का होतं

बागायतदारांना हे समजावणं सगळ्यात सोपं जातं. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद लोखंडी पिंपात कुणी भिजवत नाही. मिश्रण तयार झालं की त्यात विळ्याचं किंवा सुरीचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला की समजायचं, चुना कमी पडला, तांबं अजून मोकळं आहे. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकून बघितलेला असतो, तोच हा प्रकार. तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळतं.

ट्रीटेड लाकडात वाळवी आणि बुरशी मारायला घातलेलं असतं ते तांबंच. आपल्याकडे जास्त चालणारं सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, आपल्याच देशात शोधलं गेलं: डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये. नंतर ते जगभर वापरलं गेलं. त्यात क्रोमियम तांब्याला लाकडात पकडून ठेवतं, म्हणून लोखंडाला त्रास तुलनेनं कमी होतो. सीसीबीत आर्सेनिकच्या जागी बोरॉन असतं. एसीक्यू आणि कॉपर अझोल या नव्या प्रकारांत आर्सेनिकही नाही आणि क्रोमियमही नाही. माणसाला ते बरं, पण तांब्याचं प्रमाण जास्त आणि धरून ठेवणारं क्रोमियम नाही, त्यामुळे खिळे-बोल्ट लवकर जातात. अमेरिकेत २००४ पासून घरगुती कामांसाठी सीसीए बंद झालं, तेव्हा तिथेही साध्या प्लेटिंगचे खिळे पुरेसे नाहीत हे लोकांना नव्यानं शिकावं लागलं.

धातूंच्या क्रमवारीत तांबं अधिक ०.३४ व्होल्टवर, लोखंड उणे ०.४४ वर आणि जस्त उणे ०.७६ वर. जेवढं अंतर जास्त, तेवढी खालच्याची झीज व्हायची ओढ जास्त. म्हणूनच जस्ताचा पातळ मुलामा आधी जातो आणि मग लोखंडाची पाळी येते.

पण या सगळ्याला पाणी लागतं. लाकडातला ओलावा साधारण १८ ते २० टक्क्यांच्या खाली राहिला तर गंज जवळजवळ थांबतो. घरातल्या कोरड्या माळ्यावरचे तेच बोल्ट वर्षानुवर्षं टिकतात ते यामुळे. आपल्याकडे अडचण अशी, की जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर राहिली की पावसाचा थेंब न लागताही लाकूड नुसत्या हवेनं १८-२० टक्क्यांपर्यंत पोचतं. वर सांध्यात झिरपलेलं पाणी आलं की तिथे चार महिने चिखलच राहतो. तांबं काढता येत नाही, काढायचंही नाही, त्यासाठीच तर पैसे मोजलेत. आपल्या हातात पाणी आहे, आणि लोखंड-लाकूड यांच्यामधली जागा आहे.

आधी डाग वाचा

सांधा उघडण्याआधी रंगावरून बरंच कळतं. गॅल्व्हनाइज्ड बोल्टाभोवती पांढरी पूड असेल तर अजून फक्त जस्त जातंय, वेळेत आलात. तांबडा ओघळ असेल तर लोखंडाला लागलंय. लाकडावर शाईसारखा निळा-काळा डाग दिसला तर तो लाकडातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा. बाभूळ, ऐन असल्या लाकडात तो हमखास येतो, त्यात तांब्याचा संबंध असेलच असं नाही. पण त्याचा अर्थ एवढा नक्की, की तिथे ओल आहे आणि लोखंड झिजतंय.

डोकं शाबूत दिसलं म्हणून समाधान मानू नका. प्रत्येक बाजूचा किमान एक बोल्ट बाहेर काढून बघा, आणि तो सगळ्यात वाईट जागेचा निवडा: जिथे पागोळ्या पडतात, कुंड्या ठेवलेल्या आहेत, किंवा न्हाणीचं पाणी उडतं. बोल्टाच्या भोवतालचं लाकूड टोच्यानं दाबून बघा. लोखंडाचा गंज लाकडालाही कमजोर करतो, भोक मोठं आणि भुसभुशीत झालेलं असतं. अशा भोकात नवा बोल्ट घालणं फुकट आहे, जागा बदलून नवं भोक पाडावं लागतं.

ओलावा मोजायला पिनांचं मीटर वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ट्रीटेड लाकडातल्या क्षारांमुळे ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणून एकाच घरात कोरड्या जागेचा आकडा आणि सांध्याचा आकडा यांची तुलना करा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

बोल्ट आणि स्क्रू: इथेच बहुतेक चूक होते

दुकानात "जीआय द्या" म्हटलं की चकचकीत, गुळगुळीत बोल्ट हातात येतो. तो विजेनं प्लेटिंग केलेला असतो. त्यावर जस्ताचा थर ५ ते १२ मायक्रॉन. हॉट डिपचा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला बोल्ट राखाडी, मळकट, जरा खडबडीत दिसतो, गिऱ्हाईक तो नापसंत करतं, पण त्यावर ४०-५० मायक्रॉन जस्त असतं. जाड चॅनेलवर हॉट डिप केलं तर ७० ते ८५. ट्रीटेड लाकडात चकचकीत बोल्ट घालणं म्हणजे उघड्या लोखंडापेक्षा एखादा पावसाळा जास्त मिळवणं, एवढंच.

हॉट डिपचे बोल्ट घेताना नट त्याच जोडीचा घ्या. जस्ताच्या थरासाठी नटाचे आटे मोठे पाडलेले असतात. साधा नट बसत नाही, मग मेस्त्री बोल्टावर डाय फिरवतो आणि ज्यासाठी पैसे दिले ते जस्तच खरवडून टाकतो. हे मी साइटवर डोळ्यांनी बघितलंय.

उघड्यावरच्या कामाला, पूर येणाऱ्या भागात आणि लाकूड एसीक्यू असेल तिथे मी स्टेनलेसच सांगतो. त्यातली ३०४ नंबरची जात पुरते, कायम ओल्या जागी ३१६. इथे फसवणूक होते ती २०२ मध्ये, म्हणजे मँगनीज जास्त असलेली हलकी जात ३०४ म्हणून गळ्यात मारतात. चुंबक लावून बघायची पद्धत इथे कामाची नाही, कारण ३०४ ला चुंबक चिकटत नाही तसा २०२ लाही चिकटत नाही. स्टेनलेसच्या जुन्या व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून मँगनीज ओळखायचं रसायन असतं, समोर करून दाखवायला सांगा. आणि स्टेनलेसचे नट मशीननं भराभर आवळू नका, आटे एकमेकांना धरतात आणि मग बोल्ट कापावा लागतो. थोडं अँटीसीझ ग्रीस लावून हातानं आवळा.

"लोखंडाच्या चॅनेलला स्टेनलेसचा बोल्ट लावला तर चॅनेल नाही का गंजणार?" हा प्रश्न हमखास येतो, आणि चांगला आहे. चॅनेल केवढा मोठा, बोल्ट केवढा छोटा. झीज झाली तरी ती मोठ्या अंगावर पसरते, आणि चॅनेल नीट रंगवलेला आणि खाली नायलॉनचा वायसर असेल तर फरक पडत नाही. उलट कधीच करू नका: स्टेनलेसची प्लेट आणि त्यात साधा बोल्ट. तिथे सगळी झीज त्या एवढ्याशा बोल्टावर येते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कोन, फ्लॅशिंग यांतलं काहीही तांब्याच्या लाकडाला थेट लावू नका, ॲल्युमिनियमला भोकं पडतात.

मधला थर आणि पाण्याची वाट

लाकूड आणि लोखंड यांच्यामधे पाणी न शोषणारं काहीतरी हवं. मी ३ मिमीची ईपीडीएम रबर शीट वापरतो. उद्यमनगरात गॅस्केटवाल्यांकडे विचारा, पण ईपीडीएमच मागा, साधं रबर उन्हानं तडकतं. शीट चॅनेलच्या कडेपेक्षा पाच-सहा मिमी बाहेर ठेवा, म्हणजे थेंब लोखंडावर न जाता तिथूनच खाली पडतो. गोणपाट, फोम, थर्माकोल, नमदा असलं काही घालू नका. ते पाणी धरून बसतं आणि काहीच न घालण्यापेक्षा वाईट होतं. कड्यांच्या माथ्यावर फळ्या ठोकण्याआधी ब्युटिल टेप लावली की स्क्रू तिच्यातून जाताना ती त्याला घट्ट लपेटते आणि भोकातून पाणी उतरत नाही. खर्च फार नाही, फरक मोठा पडतो.

बोल्टाच्या दांड्याभोवती प्लास्टिकची नळी घालायचं काही जण सुचवतात. रेलिंगच्या शोभेच्या पट्टीला ठीक आहे. भार घेणाऱ्या सांध्यात मात्र भोक मोठं केलं की सांधा हलायला लागतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते करू नका.

चॅनेल कुठल्या तोंडानं ठेवलाय ते बघा. तोंड वर करून ठेवलेला चॅनेल म्हणजे पन्हळ. त्यात पाणी, पानं, माती साचते आणि लाकूड त्यातच बसलेलं असतं. नवं काम असेल तर तोंड खाली किंवा बाजूला करा. जुनं उलटता येत नसेल तर तळाला दर दीड-दोन फुटांवर १२ मिमीचं भोक पाडा आणि भोकाच्या कडा रंगवा. खांब लोखंडी डब्यात उतरवलेले असतील तर तोच रोग. डब्याला बूड नको, किंवा खांब प्लेटवर बोटभर उचलून बसवा, म्हणजे खालून वारा लागेल.

फळ्यांत पाच-सहा मिमी फट ठेवा आणि मे महिन्यात एकदा पट्टी घालून ती साफ करा. पूर आलेल्या घरांत तर सांध्यात गाळ जाऊन बसतो आणि तो पाणी सोडत नाही. पाणी ओसरलं की आधी स्वच्छ पाण्यानं सांधे धुऊन काढा, रंगाचं नंतर बघू.

दुरुस्ती करायला घेताना

फेब्रुवारी ते मे हा काळ धरा, लाकूड तेव्हा सगळ्यात कोरडं असतं. टेकू लावल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही, आणि एका वेळी एकच बदलायचा. बोल्टाचा किंवा चॅनेलच्या पात्याचा दहावा हिस्सा गेलेला दिसला तर मी तिथे थांबतो आणि इंजिनिअरला बोलावतो. सज्जावर माणसं उभी राहतात, लहान मुलं खेळतात. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

लोखंड पांढरं होईपर्यंत घासा, मग धुवा आणि पूर्ण वाळवा. धुण्याची पायरी सगळे गाळतात, पण क्षार आत राहिले तर नवा रंग खालून उठतो. दोन डब्यांचा झिंक रिच इपॉक्सी प्रायमर, वर इपॉक्सी, आणि ऊन लागत असेल तर शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखा होतो. लाकूड टेकणारा पृष्ठभाग जोडणीच्या आधी रंगवायचा आणि आठवडाभर सुकू द्यायचा. जोडल्यावर बाहेरून तीन बाजू रंगवणं म्हणजे जी बाजू खराब होते तीच सोडणं. लाकूड कापलं किंवा भोक पाडलं की आतला ट्रीट न झालेला भाग उघडा पडतो, तिथे ब्रशनं प्रिझर्व्हेटिव्ह लावा. वखारीतून लाकूड ओलं आलं असेल तर ते सावलीत, मधे रिपा घालून वाळवा, तसंच जोडू नका. ताज्या लाकडातलं तांबं अजून पक्कं बसलेलं नसतं.

आणि माळा किंवा आतली फरशी असं कायम कोरडं काम असेल तर तांब्याचं लाकूड मुळात घ्यायलाच नको. बोरॅक्स-बोरिकनं ट्रीट केलेलं घ्या, लोखंडाला त्रास फार कमी. पावसात मात्र ते धुऊन जातं, म्हणून बाहेर चालत नाही. वखारीत "ट्रीटेड आहे का" एवढंच न विचारता "कशानं ट्रीटेड आहे" हे विचारून बिलावर लिहून घ्या.

शुक्रवार पेठेतल्या सज्जाला आम्ही चॅनेल घासून इपॉक्सी केलं, ईपीडीएम घातलं, बोल्ट ३०४ चे लावले, तळाला भोकं पाडली. एक पावसाळा गेल्यावर मुद्दाम एक बोल्ट काढून बघितला. रबराखालचा रंग अखंड होता आणि बोट कोरडं राहिलं. आणखी चार पावसाळे बघायचे आहेत.

एक गोष्ट राहिली, ती गंजाची नाही पण याच कामातली आहे. कापून उरलेले तुकडे आणि भुसा बंबात किंवा चुलीत जाता कामा नये. सीसीएच्या लाकडात आर्सेनिक असतं, जाळलं की ते धुरात आणि राखेत येतं, आणि आपल्याकडे त्याच राखेनं भांडी घासतात, ती परसात टाकतात. गोठ्यात गव्हाणीला, कोंबड्यांच्या खुराड्यालाही ते तुकडे नकोत. कापताना तोंडाला मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, आणि उरलेलं सगळं पोत्यात भरून ज्यानं लाकूड दिलं त्यालाच परत न्यायला सांगा. ही अट मी आता कामाच्या आधीच घालतो, कारण काम संपल्यावर ते तुकडे सरपण म्हणून कुणीतरी उचलून नेतंच.